प्रश्नोत्तरे : निकाल लागेपर्यंत घरात काय करायचं?

प्रश्न : मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. तेव्हापासून तो सकाळी दहाला उठतो, संध्याकाळी क्रिकेट खेळतो, रात्री दीडपर्यंत मोबाइलवर असतो. निकालाचं नाव काढलं की ‘लागेल तेव्हा लागेल’ म्हणतो. झोप उडाली आहे ती माझी. त्याला खरंच काहीच वाटत नसेल का? मंडळाला निकाल लावायला इतका वेळ का लागतो? आणि तोवर आम्ही आईबापांनी करायचं तरी काय?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, एका पत्रात तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मंडळाचा आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे.

राज्यात दरवर्षी साधारण पंधरा लाख मुलं दहावीला बसतात. तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन, इतिहास आणि भूगोल असे एकेकाचे नऊ पेपर धरले तरी सव्वा कोटीच्या वर उत्तरपत्रिका होतात. त्यांचे गठ्ठे शिक्षकांकडे जातात. परीक्षकाने तपासलेल्या पेपरांतले काही नियामक पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. हे काम मी बरीच वर्षं केलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये पंखा गरगरत असतो, पेपर उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर डस्टर ठेवलेलं असतं. आतल्या पानावर दिलेले दोन गुण मुखपृष्ठावरच्या रकान्यात उतरवायचे राहिले, तर गठ्ठा नियामकाकडून परत येतो आणि सगळ्या बेरजा पुन्हा तपासाव्या लागतात. हेच शिक्षक त्याच दिवसांत आपल्या शाळेतल्या खालच्या वर्गांच्या परीक्षाही घेत असतात. पुढे गुण संगणकावर चढतात, शाळांनी दिलेले अंतर्गत मूल्यमापनाचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यात मिसळतात, खेळ आणि चित्रकलेचे सवलतीचे गुण धरले जातात, आणि नऊही विभागीय मंडळांचा निकाल एकाच दिवशी लागतो. 2023 मध्ये तो 2 जूनला लागला, 2024 मध्ये 27 मेला, 2025 मध्ये परीक्षाच लवकर घेतल्यामुळे 13 मेला. म्हणजे पेपर संपल्यापासून दोन महिने धरून चालायचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विश्वास ठेवू नका. खरी तारीख मंडळ स्वतः जाहीर करतं, तीही अगदी थोडे दिवस आधी.

आता चिरंजीव. त्याला काही वाटत नाही, हे मला पटत नाही. ‘लागेल तेव्हा लागेल’ हे उत्तर दिवसातून चार वेळा द्यावं लागलं की कुणीही तसंच तोडून बोलेल. सोळाव्या वर्षी मुलं भीती बोलून दाखवत नाहीत, आणि आपला चेहरा पाहून तर मुळीच नाहीत, कारण मग आईला सावरायचं कामही त्यांच्याच अंगावर येतं. उशिरा उठण्याचं म्हणाल, तर या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच मागे सरकतं. झोप आणणारं रसायन मेंदूत मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरतं आणि झोप आठ ते दहा तास लागते. रात्री दीडपर्यंतचा मोबाइल हा वेगळा मुद्दा, त्याबद्दल जरूर बोला. पण बोलताना ‘असाच वागलास म्हणून मार्क कमी पडतील’ हे शेपूट त्याला जोडू नका. मार्क पडून गेलेत. एप्रिलमध्ये तो किती वाजता उठतो याचा मार्चमधल्या भूमितीशी काही संबंध उरलेला नाही.

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. एक नियम सांगते : निकालाबद्दल घरात एकदाच, नीट बसून बोला आणि मग तो विषय बंद करा. त्या एका बैठकीत तीन गोष्टी ठरवून टाका. साधारण किती पडतील असं त्याला स्वतःला वाटतं, ते त्याच्या तोंडून ऐका आणि मान डोलवा. मुलांचा अंदाज बहुधा आपल्याहून बरा असतो. निकाल कोण पाहणार, तो एकटा की तुमच्यासोबत, हे त्याच्यावर सोडा. आणि त्या दिवशी कुणाला कळवायचं, कोण कळवणार, हेही ठरवा. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण निकालाच्या दिवशी घरात जे बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच. दुपारी एकला निकाल. साइट उघडत नाही, गोल चक्र फिरतंय, मुलाच्या खांद्यावरून चौघं डोकावतायत, काका फोनवर ताटकळलेत. पान उघडताच त्याने आकडा वाचायच्या आत कुणीतरी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि शेजारच्या मुलीच्या टक्क्यांची चर्चा सुरू होते. मग पोरगं बाथरूमचं दार लावून बसतं. स्वतःचा निकाल आधी स्वतः वाचायचा हक्क त्याला द्या.

राहिलेली तुमची काळजी कामाला लावा. अकरावीच्या प्रवेशाला कागदपत्रं लागतात. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर जत्रा असते. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, कराडलाही तेच लागू आहे. अर्जात दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम देता येतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. तेव्हा पहिला क्रम विचार करून भरायचा. कोणत्या कॉलेजला एसटी थेट जाते, कुठे वर्ग खरोखर भरतात, हे मे महिन्यात चौकशी करून कळतं. ही चौकशी वडिलांकडे सोपवावी असा माझा अनुभव आहे. घरात येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला बाहेर काम मिळतं.

एका गोष्टीत मात्र घाई करू नका. याच दिवसांत क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, ‘निकालाआधी फी भरली तर सवलत’. दोन वर्षांच्या जेईई-नीटच्या पॅकेजवर निकालाआधी सही करणं म्हणजे मुलाला विचारायच्या आधीच त्याची शाखा ठरवणं. सुट्टी रिकामी जाते अशी हळहळ वाटत असेल, तर त्याला स्वयंपाक शिकवा, पोहायला पाठवा, बँकेत नेऊन स्लिप भरायला लावा. आमच्या काळात टायपिंगचा क्लास होता. 2001 नंतर दहावीची सुट्टी म्हणजे एमएस-सीआयटी असं समीकरण झालं. तेही चालेल, त्याला हवं असेल तर.

प्रश्न : निकाल पाहताना बैठक क्रमांकाबरोबर आईचं नाव का विचारतात? वडिलांचं का नाही? हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मुलीचं कौतुक करा. बैठक क्रमांक ओळीने दिलेले असतात. माझा माहीत असला की पुढच्या बाकावरच्याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या क्रमांकावर निकाल उघडला असता, तर सगळ्या वर्गाचा निकाल कुणीही पाहिला असता. म्हणून दुसरी खूण हवी. वडिलांचं नाव मुलाच्या पूर्ण नावातच असतं, वर्गातल्या प्रत्येकाला ते पाठ असतं, त्यामुळे ती खूण कुचकामी ठरते. आईचं नाव हजेरीत पुकारलं जात नाही. अर्जात ते जसं लिहिलं असेल तसंच टाकावं लागतं, ‘सुनीता’ लिहिलं असेल तर ‘सुनिता’ चालत नाही, म्हणून हॉलतिकीट जवळ घेऊन बसा. शेजारणीला आणि नणंदेला मात्र तुमचं नाव ठाऊक असतंच. बैठक क्रमांक कुणाला द्यायचा ते त्यावरून ठरवा.

प्रश्न : मुलीचा गणिताचा पेपर फार वाईट गेला. ती नापास होईल अशी आम्हाला भीती आहे. ‘मार्क महत्त्वाचे नसतात’ असं आम्ही तिला सतत सांगतो, पण ती चिडते. धीर कसा द्यावा?
– एक वडील, परभणी

उत्तर : ती चिडते, कारण तिला ते खोटं वाटतं. दहा वर्षं तुम्ही ट्यूशनची फी भरलीत, टीव्ही बंद ठेवलात, आणि आता मार्क महत्त्वाचे नाहीत? दादा, धीर बाजूला ठेवा आणि तिला माहिती द्या. घाबरलेल्या मुलाला पुढचा रस्ता दिसत नसतो. तो कसा आहे, कुठून सुरू होतो, हे दाखवणारं माणूस त्याला लागतं.

तर माहिती अशी. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीखाली अकरावीला प्रवेश घेता येतो. राहिलेल्या विषयाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये व्हायची आणि मुलांचं वर्ष बुडायचं. 2015 पासून ती जुलैत आली, आता त्याच वर्षी अकरावीत बसता येतं. गणित सुटल्यावर कला, वाणिज्य, पॉलिटेक्निक, आयटीआय या सगळ्या वाटा आहेत. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयच्या काही ट्रेडना तर दहावी नापासही चालतं. आणि पास होऊन गुण कमी वाटले, तर गुणसुधार योजनेत पुन्हा बसता येतं.

हे सगळं तिच्याबरोबर बसून एका कागदावर लिहा. गणित सुटलं तर काय, राहिलं तर काय, दोन रकाने करा आणि कागद कपाटात ठेवा. ‘राहिलं तर’ हा रकाना लिहिताना तुमचा आवाज नेहमीसारखा राहिला, तर तुम्हाला जे शंभर वेळा बोलून सांगता आलं नाही ते तिला कळेल. गणिताचं पुस्तक रद्दीत देऊ नका, पण निकालापर्यंत तिला ते उघडायलाही लावू नका.

निकाल अनपेक्षित लागला आणि तिला खात्री असेल की पेपर याहून बरा लिहिला होता, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करायचा तर छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हाती आल्यावर पाचच कामाच्या दिवसांची मुदत असते. नुसती बेरीज चुकल्याची शंका असेल तर गुणपडताळणी पुरते. या मुदती रडण्यात आणि भांडणात निघून जातात. मात्र पहिल्या दिवशी हा विषय काढू नका. पहिल्या दिवशी तिला जेवायला वाढा आणि तिच्याजवळ बसा.

आता जरा गंभीर गोष्ट, ती टाळून चालणार नाही. मूल जेवणं सोडतंय, मित्रांना भेटणं बंद झालंय, रात्ररात्र जागतंय, आवडत्या वस्तू वाटून टाकतंय, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही बोलून जातंय, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, ‘तुझ्या मनात जीवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालू असते, तिथे मराठीत बोलता येतं. परीक्षा आणि निकालाच्या काळात मंडळही जिल्हावार समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. ते शाळेतून घेऊन ठेवा. निकालाच्या संध्याकाळी शोधत बसायची वेळ येऊ नये.

प्रश्न : नातवाचा निकाल आहे. सून म्हणते, फोन करून ‘किती पडले’ विचारू नका. आजोबांनी एवढंही विचारायचं नाही का?
– एक आजोबा, सावंतवाडी

उत्तर : विचारा की, पण त्याला विचारू नका, सुनेला विचारा, आणि तेही दुसऱ्या दिवशी. निकालाच्या दुपारी त्या पोराला हाच प्रश्न मामा, मावशी, रिक्षावाला, किराणावाला सगळे विचारणार आहेत. टक्क्यांवरून फार काही ताडायलाही जाऊ नका. तुमच्या वेळी सत्तर टक्के म्हणजे गावात नाव व्हायचं. आता सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात, वीस गुण शाळेकडे असतात, खेळ-कलेचे गुण वर मिळतात, त्यामुळे नव्वदच्या पुढची मुलं गल्लोगल्ली सापडतात आणि क्वचित कुणी शंभरातही बसतं. मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमचा आणि त्याचा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

पेढे आणणारच असाल तर निकालाच्या आदल्या दिवशी आणा, परीक्षा दिली म्हणून. आणि त्याला गावी बोलवायचं असेल तर निकालाआधी बोलवा. मे महिन्यात सावंतवाडीला आंबा आहे, फणस आहे, आणि तिथे त्याला पेपर कसे गेले हे विचारणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.