कॉकिंग हँडल दोन्ही हातांचं, पण पिनेचं काय?

प्रश्न : मी डावखुरा आहे. सिल्वासातल्या एका टूलरूममध्ये मोल्ड बनवतो. रायफलचं कॉकिंग हँडल दोन्ही बाजूंनी ओढता येईल असं करणं अवघड का असतं? शिवाय असली हँडलं मोडतात म्हणे, ती का? आमच्या टूलरूममध्ये असा भाग सहज होईल असं मला वाटतं.
– एक वाचक, खानवेल

उत्तर : तुम्ही डावखुरे म्हणून प्रश्न विचारलात, पण या सोयीची गरज उजव्यांनाही तितकीच आहे. रायफल धरताना एक हात चापापाशी असतो, दुसरा पुढे आधाराला. गोळी भरण्यासाठी हँडल ओढायची वेळ आली की मोकळा असतो तो आधाराचा हात, म्हणजे उजव्या माणसाचा डावा. आपल्या लष्करात वर्षानुवर्षं चाललेल्या एसएलआर रायफलचं हँडल डावीकडे आहे ते याच हिशोबाने. नंतर पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने घडवलेल्या इन्सास रायफलचंही डावीकडेच. कलाश्निकोव्हचं मात्र उजवीकडे. त्यामुळे उजव्या सैनिकाला एक तर चापावरचा हात काढावा लागतो, नाही तर डावा हात रायफलच्या खालून किंवा वरून पलीकडे न्यावा लागतो. डावखुऱ्याचा आधाराचा हात उजवा, तो सरळ हँडलवर जातो. म्हणजे जगभर पसरलेली ही रायफल, निदान हँडलपुरती, तुमच्या बाजूची!

त्याआधीच्या बोल्ट रायफलींचा हिशोब वेगळा होता. ली-एनफील्ड असो वा माउझर, सैन्याच्या बंदुकीचा दांडा उजवीकडेच असायचा आणि उजव्या माणसाने चापावरचा हात काढूनच तो फिरवायचा. डावखुऱ्या शिपायाची सोय बघण्याची तेव्हा कुणाला गरज वाटत नव्हती.

दोन्ही हातांची सोय करायचे मुख्य मार्ग तीन. हँडल मधोमध ठेवा : उझीचं माथ्यावर आहे, जर्मन जी-३६ चंही वर आहे आणि ते हवं त्या बाजूला वळतं. किंवा हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येईल असं करा, बेल्जियन स्कारसारखं. तिसरा मार्ग एम-१६ घराण्याचा. तिथे रायफलच्या मागच्या टोकाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं हँडल असतं. २०१९ मध्ये भारताने ज्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार केला, त्या याच घराण्यातल्या. तुमचा मोडण्याचा प्रश्नही मुख्यतः इथलाच आहे.

मूळ कल्पनेत हे टी दोन बोटांनी, दोन्ही बाजूंना सारखा जोर देऊन सरळ मागे ओढायचं होतं. अडकवणारा खटका फक्त डाव्या बाजूला. पुढे रायफलीवर दुर्बिणी आल्या, त्यांच्याखाली बोटं शिरेनात, आणि लोक तळव्याच्या कडेने एकाच बाजूने हँडल ओढू लागले. सोय म्हणून खटका लांब केला, मग दुसऱ्या बाजूलाही बसवला. इथेच गणित बदललं.

रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याने ओढून पाहा, तो तिरका होऊन अडकतो. हँडलचं तेच होतं. समजा २०० न्यूटनचा जोर मध्यरेषेपासून ४० मिलिमीटरवर लागला, तर ८ न्यूटन-मीटरचा पीळ तयार झाला. हा पीळ हँडलच्या जिभेने, म्हणजे टीच्या उभ्या भागाने, आणि ती ज्या खाचेत सरकते त्या खाचेने पेलायचा. जिभेला १५० मिलिमीटर लांबीचा आधार असेल तर खाचेच्या दोन्ही टोकांना सुमारे ५३ न्यूटन दाब येतो. ३० मिलिमीटरच असेल तर सुमारे २६७, म्हणजे ओढण्याच्या जोरापेक्षाही जास्त. मग घर्षण वाढतं, धूळ असली तर आणखी, आणि माणूस हिसका मारतो. हिसक्याचा जोर आपण धरलेल्या आकड्यात बसत नाही.

आता पीन. खटका ज्या पोकळ स्प्रिंग पिनेवर फिरतो ती नुसती फिरण्यासाठी बसवलेली असते. एका बाजूने ओढलं की सगळी ओढ तिच्यावर येते आणि ती कापली जाते, किंवा पोलादी पिनेने ॲल्युमिनियममधलं भोक लांबट होतं. चांगल्या रचनेत खटका थोडा फिरला की हँडलच्या अंगावरच्या खांद्याला टेकतो, जोर अंगातून जातो आणि पीन फक्त बिजागरी उरते. माझ्या मते टिकाऊपणाचं निम्मं काम एवढ्यानेच होतं. धातू नंतर बघा. ७०७५ ॲल्युमिनियम साध्या पोलादाहून बळकट असू शकतं, पण जिथे जीभ टीच्या आडव्या भागाला मिळते तिथला कोपरा धारदार ठेवलात तर तडा तिथूनच सुरू होणार. हार्ड ॲनोडायझिंग झिजेसाठी उत्तम, पण तो थर ठिसूळ असतो आणि तीक्ष्ण कडांवर आधी फुटतो. कोपऱ्याला गोलाई द्या, हे मोल्डवाल्याला सांगायला नको.

दोन खटके म्हणजे दोन स्प्रिंगा, दोन पिना, आणि कोणत्याही बाजूने ओढलं तरी रायफलमधली अडकण सुटेल अशी जुळणी. त्यातला एक दुसऱ्याला अडवत नाही ना, हे चिखल भरल्यावरच कळतं. म्हणून चाचणी घ्यायची तर शेवटपर्यंत एकाच बाजूने ओढून घ्यावी, आलटून-पालटून नव्हे.

शिवाय हँडल सुटलं तरी तुमची एक अडचण राहतेच : बहुतेक रायफली रिकामी पुंगळी उजवीकडे फेकतात, आणि डाव्या खांद्याला दस्ता लावला की तिकडेच तुमचा चेहरा असतो. एम-१६ च्या नंतरच्या रूपात पुंगळीची खिडकी संपते तिथे एक उंचवटा आला तो यासाठीच.

राहिली टूलरूमची गोष्ट. तुमचं यंत्र हा भाग काढेल, यात शंका नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि उत्पादनाला परवाना लागतो. नमुना म्हणून एकच केला तरी तो उत्पादनच. करायचं असेल तर परवानाधारक उत्पादकाकडे जा, आणि तुम्हाला कोणती परवानगी लागेल ते यंत्र सुरू करण्यापूर्वी लेखी ठरवून घ्या.