क्रोध आवरावा, मग क्षमाही करावी

मनात उठलेला क्रोध मनातच राहत नाही. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पचन मंदावते. संकटाशी दोन हात करण्यासाठी निर्मात्याने केलेली ही तात्पुरती व्यवस्था आहे. परंतु क्षुल्लक कारणांनी ती रोजच जागी होऊ लागली, तर तिचा भार देहावर पडतो. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, वाढलेला रक्तदाब यांमागे अनेकदा मनाचा ताणही असतो. अशा विकारांना मनोकायिक म्हणतात. ते काल्पनिक नसतात. वेदना खरीच असते.

लंडनचे विख्यात शल्यचिकित्सक जॉन हंटर यांना हृदयशूळाचा विकार होता. संतापाने तो बळावतो, हे ते स्वतः जाणून होते. तरीही १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला, ते उठून बाहेर गेले आणि कोसळून मरण पावले. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. रोग जुनाच होता. क्रोध निमित्त ठरला. नुसते ज्ञान त्यांना वाचवू शकले नाही.

बल्ख येथील विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्याचा एकाच ग्रंथात विचार केला आणि त्यात क्रोधावरील उपायही सांगितले.

मग राग नुसता गिळावा काय? गिळलेला राग मनात घोळत राहिला, तर तोही देहाला स्वस्थता देत नाही. म्हणूनच दिव्य कुरआनातील सूरह आलिइमरानची १३४वी आयत क्रोध आवरण्यापाशी थांबत नाही. तिच्यात पुढे लोकांना क्षमा करणे येते आणि त्यानंतर सत्कर्मी लोकांवरील अल्लाहचे प्रेम. संयमाने जीभ आणि हात थांबतात, क्षमेने मन हलके होते, उपकाराने तुटलेले नाते जुळते. पहिल्याच पायरीवर थांबणारा समोरच्याला वाचवतो, स्वतःला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी क्रोध आल्यास उभ्याने बसावे आणि तरीही न शमल्यास आडवे व्हावे, असे शिकविले. उपाय देहापासूनच सुरू होतो. अर्थात आजारात औषधोपचार घ्यावेतच आणि क्षमा म्हणजे अन्यायाला मूक संमतीही नव्हे.

आपला आवाज बहुधा उलट उत्तर देऊ न शकणाऱ्यांवरच चढतो. धाकात वाढणाऱ्या मुलाचेही पोट दुखते, त्याचीही झोप उडते. आपल्या क्रोधाची किंमत आपलाच देह मोजतो असे नाही. म्हणून संयमाचा आरंभ घरातूनच व्हावा.