भिंत घट्ट कशाने होते?



आपल्या मोताळ्यात एका गल्लीतून चालत गेलं तरी मातीच्या, दगडाच्या, विटांच्या अशा वेगवेगळ्या भिंती दिसतात. आमच्या घरी नवी खोली बांधणे चालू आहे. तिथे गवंडीकाकांना विचारून आणि गुरुजींकडून समजून घेऊन मी ही माहिती लिहिली आहे.

माती : माती उन्हाने घट्ट होते. गावठाणातली पांढरी माती भिंतीला चांगली. तिच्यात कुटार आणि शेण कालवून तुडवतात. भिंत जाड असते म्हणून उन्हाळ्यात घर थंड राहते. पण वाळून घट्ट झालेली वस्तू पाण्याने पुन्हा नरम होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका घराची मातीची भिंत रात्री बसली. घरची माणसं दुसऱ्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. मातीची भिंत फुगली, वाकली किंवा तिला मोठी चीर गेली तर तिच्याजवळ झोपू नये.

काळी माती कपाशीला चांगली, पण घराला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतीलाही चिरा पडतात. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम किंवा दगड लागेपर्यंत पाया खणतात.

दगड : आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेला तप्त रस थंड होऊन तो बनला. बुलढाण्याला जाताना राजूर घाटात तो दिसतो. तो फार वजन सहन करतो आणि पाण्याने विरघळत नाही, म्हणून पायात डबर भरतात. आपल्याच जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर दगडाचे आहे. ते शेकडो वर्षे टिकले आहे.

वीट : वीट आगीने घट्ट होते. कच्ची वीट पाण्यात ठेवली तर तिचा चिखल होतो, भट्टीत भाजलेलीचा होत नाही. चांगली वीट अशी ओळखावी : दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखण आवाज येतो. नखाने ओरखडा पडत नाही. ३ किलोची कोरडी वीट २४ तास पाण्यात ठेवली तर तिचे वजन ३ किलो ६०० ग्रॅमपेक्षा जास्त होऊ नये. बांधण्याआधी विटा भिजवाव्या, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढून घेतात.

चुना : चुना हवेने घट्ट होतो. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करतात. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, म्हणून मुलांनी जवळ जाऊ नये. चुन्याची भिंत हळूहळू घट्ट होते.

सिमेंट : सिमेंट पाण्याने घट्ट होते. पुष्कळ जणांना वाटते की ते वाळून घट्ट होते, पण तसे नाही. पाणी मिळालं नाही तर ते कच्चं राहते आणि भिंतीची भुकटी पडते. म्हणून नव्या भिंतीवर निदान ७ दिवस, जमल्यास १० दिवस पाणी मारावे. आमची माय भिंतीला ओली पोती लावते. त्याने कमी पाण्यात काम भागते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा दिवाळीनंतर बांधकाम काढलेलं बरं.

रेती : रेतीत माती असली तर सिमेंट नीट धरत नाही. काचेच्या पेल्यात रेती आणि पाणी टाकून हलवा व ठेवून द्या. रेती खाली बसते आणि मातीचा थर तिच्यावर दिसतो. थर जाड असला तर रेती धुऊन घ्यावी.

मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा : मातीला ऊन, विटेला आग, चुन्याला हवा आणि सिमेंटला पाणी. ज्याला जे लागते ते त्याला दिले पाहिजे. महाग सिमेंट आणले आणि पाणी मारले नाही, तर पैसेही जातात आणि भिंतही जाते. ज्यांच्या घरी घरकुलाचं काम चालू आहे, त्यांनी शाळा सुटल्यावर भिंतीला पाणी मारायचं काम आपल्याकडे घ्यावे.

— इयत्ता चौथी