लॉस एंजेलिसला निघालेल्या भाचीस

चि. सानिका हिस,


तुझा बेत वाचला. सकाळी हॉलिवूड, दुपारी सांता मोनिकाचा किनारा, संध्याकाळी डिस्नेलँड, आणि हे सगळं एकाच दिवशी! अगं, डिस्नेलँड लॉस एंजेलिसमध्ये नाहीच मुळी. ते शेजारच्या ऑरेंज काउंटीत, अनाहाइमला आहे. या वेगाने फिरलीस तर तुझी सुट्टी गाडीच्या काचेतून पुढच्या गाडीचे लाल दिवे बघण्यात जाईल.

हे शहर मुंबईच्या जवळजवळ दुप्पट पसरलेलं आहे आणि माणसं मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय लॉस एंजेलिस काउंटीत अठ्ठ्याऐंशी स्वतंत्र शहरं आहेत. सांता मोनिका वेगळं, बेव्हर्ली हिल्सही वेगळं. ‘मेन सिटीत उतरू आणि तिथून सगळीकडे जाऊ’ हा आपला हिशोब तिथे चालत नाही. म्हणून एक दिवस, एक बाजू. डाउनटाउन एका दिवशी, हॉलिवूड आणि ग्रिफिथ पार्क दुसऱ्या, समुद्रकिनारा तिसऱ्या. एवढं पाळलंस तर बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

अंतर मैलांत विचारू नकोस, किती वाजता निघायचं ते विचार. दुपारी तीन ते सात फ्रीवेवर चढायचंच नाही, आणि ४०५ नंबरच्या फ्रीवेवर तर नाहीच नाही. डाउनटाउनहून सांता मोनिकाला मेट्रोची ई लाइन जाते. पाऊण-एक तासात थेट किनाऱ्याजवळ सोडते. संध्याकाळी गाडीने तेवढ्यात पोचशील याची खात्री कुणी देणार नाही. हॉलिवूडला बी लाइन. स्टेशनवर टॅप कार्ड घे. पावणेदोन डॉलरमध्ये दोन तासांत गाडी बदलूनही जाता येतं. तिथे लोक तुला सांगतील की मेट्रोने कोणी जात नाही. सांगणाऱ्यांपैकी बरेचजण स्वतः कधी मेट्रोत बसलेले नसतात. दिवसा खुशाल जा; रात्री उशिरा मात्र टॅक्सी कर. हॉटेलही ई किंवा बी लाइनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असंच बघ. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल रोजच्या टॅक्सीभाड्यात महाग पडतं.

तरीही गाडी घेणारच असशील तर दोन गोष्टी. डावीकडे वळताना बऱ्याच चौकांत वेगळा बाण नसतो. हिरवा लागला की चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन थांबायचं, समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचं, आणि पिवळा लागून ते थांबले की वळायचं. मागचा हॉर्न वाजवील; वाजवू दे. दुसरी गोष्ट पार्किंगची, आणि ती जास्त महागात पडते. एकाच खांबावर चार-चार पाट्या असतात. एक सांगते दोन तास गाडी लावा, दुसरी सांगते मंगळवारी सकाळी आठ ते दहा रस्ता झाडतात तेव्हा लावू नका, तिसरी सांगते संध्याकाळी सहानंतर फक्त इथल्या रहिवाशांनी, आणि चौथीवर नुसतं लिहिलेलं असतं की चार ते सात गाडी उचलून नेऊ. वरून खालपर्यंत सगळ्या वाच. एका पाटीने नाही म्हटलं की नाही. पदपथाची कड लाल असेल तर पाटी बघायचीही गरज नाही, पुढे चल. आणि गाडीत सीटवर काही ठेवू नकोस, रिकामी पिशवीसुद्धा नाही. काच फोडणारा आत काय आहे हे विचारून फोडत नाही.

बघायचं काय? हॉलिवूड बुलेव्हार्डच्या पदपथावरचे तारे अर्ध्या तासात बघून घे. स्पायडरमॅनच्या पोशाखातला माणूस खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लावील आणि मग पैसे मागील. त्यापेक्षा ग्रिफिथ वेधशाळेला वेळ दे. १९३५ सालची इमारत, प्रवेश फुकट, आणि व्हरमाँट/सनसेट स्टेशनवरून वर जाणारी डॅश बस आहे. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोच. एका बाजूला हॉलिवूडची ती पांढरी अक्षरं, खाली दिव्यांच्या सरळ रेषा थेट समुद्राच्या दिशेने गेलेल्या. शहर केवढं आहे ते नकाशावर कळत नाही, तिथे कळतं. गेटी सेंटर या कलासंग्रहालयालाही प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि पार्किंगला पैसे पडतात. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद.

जेवणाला डाउनटाउनमधलं ग्रँड सेंट्रल मार्केट आहे, १९१७ पासूनचं. तू शाकाहारी, तेव्हा मेक्सिकन गाडीवर शिजवलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का ते विचारून घे. विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर आपल्याकडची दुकानं आहेत, पण डोशासाठी तेवढी तंगडतोड कशाला? बिलात छापील किमतीवर नऊ-दहा टक्के कर चढतो आणि वर अठरा-वीस टक्के टिप, हे धरूनच मागव.

डाउनटाउनच्या पूर्व भागात स्किड रो लागतो. पदपथभर तंबू, त्यांत राहणारी माणसं. तिथे मुद्दाम जाऊ नकोस, आणि चुकून गेलीस तर फोटो काढू नकोस. त्यांचं घर आहे ते.

जूनमध्ये जातेस म्हणून सांगते, किनाऱ्यावर सकाळभर मळभ असतं आणि समुद्राचं पाणी कोकणासारखं कोमट नसतं, चांगलंच गार असतं. स्वेटर घेच.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर क्रेडिट कार्ड तुझ्याच नावाचं लागेल, बाबांचं चालणार नाही. पंचविशीच्या आतल्यांना रोजचे जादा पैसेही लावतात, तेही विचारून ठेव. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी आरटीओत पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मागतात. ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस, या सोमवारीच जाऊन ये.

तुझी,
माईमावशी