ब्रश, लेथ आणि गरुडाचं विमान

प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक तरी मुलगा असतो, ज्याच्या जर्नलच्या मागच्या पानावर रॉकेट, राक्षस आणि हवेत तरंगणारी शहरं सापडतात. आमच्या विंगमध्ये तो मुलगा मी. सबमिशनच्या वेळी सरांनी एकदा ते पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "हे मार्क्स कुठल्या विषयात धरू?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. असली चित्रं काढणाऱ्याचं पुढे काय होतं?

आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. बाबा पोलादपूरचे साइन पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रकच्या फाळक्यावरची कमळं, मोर आणि डोंगरामागचा सूर्य, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला. चार दिवसांचं काम मशीन अर्ध्या तासात करू लागलं, तेही निम्म्या पैशांत. बाबा आता घरांना रंग देण्याची कामं घेतात. मला त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, "ब्रशनं पोट भरत नाही. इंजिनिअर हो." म्हणून मी इंजिनिअरिंगला आलो आणि चित्रं मागच्या पानावर गेली.

या लेखासाठी वाचायला बसलो तेव्हा एक माणूस सापडला. तोही आपल्याच रायगड जिल्ह्याचा, पेणचा. विष्णुपंत गोविंद दामले, जन्म १८९२. सिनेमाच्या जगात ते 'दामले मामा' म्हणून ओळखले जात. तरुणपणी ते कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्याकडे शिकायला गेले. पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री, 'पेंटर' हे धंद्यावरून पडलेलं. संगीत नाटकांचे पडदे रंगवणं हा तो धंदा. राजवाडा, अरण्य, स्वर्ग, पाताळ, जे कुणी पाहिलेलं नाही ते कापडावर उभं करायचं. आज ज्याला फँटसी आर्ट म्हणतात ते आपल्याकडे तेव्हा नाटकाच्या पडद्यावर होतं.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या मंडळींना सिनेमाचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी आणि दामल्यांनी नाद सोडला नाही. १९१८ च्या सुमारास त्यांनी कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. रंग कालवणाऱ्या हातांनी! 'सैरंध्री' (१९२०) हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट याच खटाटोपातून आला.

हे किती अवघड होतं ते मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकत नाही. एक आकडा तिच्या कडेच्या भोकांत शिरतो, तिला एक चौकट पुढे ओढतो, फिल्म क्षणभर थांबते, शटर उघडून बंद होतं, की आकडा पुन्हा ओढतो. बोलपटात हे सेकंदाला २४ वेळा. जिनिव्हा मेकॅनिझम आपण परीक्षेपुरता पाठ करतो, ही त्याच जातीची चाल आहे.

आता चमत्काराचं दृश्य घ्या. त्या काळची एक मूळ युक्ती अशी. भिंगासमोर काळा पुठ्ठा लावून चौकटीचा वरचा भाग झाकायचा आणि खाली माणसांचं चित्रण करायचं. मग चौकटी मोजून फिल्म तितकीच मागे घ्यायची, खालचा भाग झाकायचा आणि वर रंगवलेलं आकाश घ्यायचं. दोन्ही मिळून एक दृश्य. पण चौकट सुमारे २२ मि.मी. रुंद आणि पडदा साडेसहा मीटर, म्हणजे ३०० पट मोठा. आकडा ०.१ मि.मी. चुकला तर पडद्यावर दोन चित्रांमधला सांधा ३० मि.मी. नाचतो. म्हणजे स्वर्ग खरा वाटणं हे टॉलरन्सवर अवलंबून!

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. बोलपट आल्यावर दामले मामा ध्वनिमुद्रण शिकले. पुन्हा नवं यंत्र, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. त्यांचे जोडीदार साहेबमामा फत्तेलाल कलादिग्दर्शन बघत. या दोघांनी मिळून 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. नदीतून परत मिळणाऱ्या वह्या आणि शेवटी वैकुंठाला निघालेलं गरुडाचं विमान ही त्यातली दृश्यं कुणाला आठवत नाहीत? मुंबईत तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये त्यांनी भिंत चालवली.

थोडक्यात काय, तर पडदे रंगवणारे दामले कॅमेरा बनवणारे झाले, मग ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शकही. नाटकाच्या पडद्यांचे दिवस गेले, पण त्यांचं काम संपलं नाही, कारण जे यंत्र धंदा खाऊ शकलं असतं ते त्यांनी आधीच उघडून बघितलं होतं.

असाच एक माणूस अमेरिकेत होता. चेस्ली बोनस्टेल (१८८८-१९८६), अंतराळचित्रांचा बापमाणूस. शिक्षण आर्किटेक्चरचं. न्यूयॉर्कच्या क्रायसलर बिल्डिंगवर काम केलं, मग हॉलिवूडमध्ये सिनेमासाठी पार्श्वभूमी रंगवली. १९४४ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याची शनीची चित्रं आली, शनी त्याच्या उपग्रहांवरून कसा दिसेल याची. अशा चित्रात शनी किती मोठा काढायचा? अंदाजानं नाही. शनीचा व्यास सुमारे १ लाख २० हजार कि.मी., टायटनचं अंतर सुमारे १२ लाख २० हजार कि.मी. भागाकार करा, कोन येतो साधारण ५.६ अंश. आपला चंद्र अर्धा अंश दिसतो. म्हणजे तिथून शनी चंद्राच्या अकरा पट रुंद. हात लांब करून तीन बोटं धरा, साधारण तेवढा. बोनस्टेलनं टायटनचं आकाश निळं आणि स्वच्छ रंगवलं होतं. २००५ मध्ये ह्युजेन्स यान तिथे उतरलं आणि दाट नारिंगी धुकं निघालं. रंग चुकला, पण मापाला धरून काढलेलं ते चित्र आजही खरं वाटतं.

हे सगळं डोक्यात घेऊन दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. सिनेमावाले काचेवर चित्र रंगवून ती कॅमेऱ्यासमोर धरत आणि उरलेल्या कोऱ्या काचेतून खरं दृश्य घेत, हे वाचलं होतं. जुन्या खिडकीची काच काढली, विटांवर उभी केली, मागे स्टुलावर मोबाईल. समोर आंबेनळी घाटाचे डोंगर. काचेवर माझं अंतराळयान. दोन तास रंगवलं आणि फोटो काढला. डोंगरावर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसत होता.

बाबा कामावरून आले, बराच वेळ मागे उभे राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "ऊन कुठून येतंय ते बघितलंस का?"

ऊन डावीकडून होतं. मी यानाची सावलीही डावीकडेच काढली होती.

"आणि ते डोंगर बघ. लांबचा डोंगर कधी काळा दिसतो का? फिका दिसतो, निळसर. तुझं विमान त्या डोंगराच्या मागे आहे ना? मग त्याला एवढा काळा कशाला दिलास?"

त्यांनी फडक्यानं माझी सावली पुसली. पांढऱ्यात थेंबभर निळा घालून यानाच्या खालच्या बाजूवर पातळ हात फिरवला. दहा मिनिटं. मी मोबाईलमधून पाहिलं आणि अंगावर काटा आला. यान डोंगरामागून वर येत होतं. मोबाईल चार बोटं सरकवला की सांधा तुटायचा, परत आणला की जुळायचा. बाबांनीही सरकवून पाहिला. दोनदा.

रात्री मी विचारलं, "बाबा, पुढे डिझाईन शिकलो तर चालेल?" त्यांनी लगेच होही म्हटलं नाही, नाहीही नाही. म्हणाले, "आधी केटी काढ. मग बोलू."

म्हणून ज्यांच्या जर्नलचं मागचं पान भरलेलं आहे त्यांच्यासाठी, माझ्यासकट, हे चार शब्द. डिग्री सोडू नका. आय.आय.टी. मुंबईच्या आय.डी.सी.सारख्या ठिकाणी एम.डेस.ला इंजिनिअरही सीड परीक्षा देऊन जाऊ शकतो. प्रभातच्या जागेवर १९६० पासून पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे कलादिग्दर्शन शिकवतात. सिनेमा आणि गेममध्ये कन्सेप्ट आर्टिस्ट आणि मॅट पेंटर ही खरी पदं आहेत. कुठेही जा, प्रकाश, माप आणि पर्स्पेक्टिव्ह पक्कं लागतं, आणि ते फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समध्ये सुरू झालेलं आहे. चित्रं काढणारं नवं सॉफ्टवेअर आलं की घाबरू नका, उघडून बघा.

माझी केटी मे महिन्यात आहे. ती झाली की पहिल्या शनिवारी हॉस्टेलच्या गच्चीवर काचेचा प्रयोग करणार आहे. काच मी आणतो. रंगांची वर्गणी काढू.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी