दूरच्या भांडारांतील ठेव व तिचा ताळा



गेल्या नाताळच्या सुटींत ह्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो भाताच्या रोपांवर संशोधन करितो. बोलतां बोलतां त्यानें आपली एक हानि सांगितली. आदल्या वर्षीं रोपांचीं छायाचित्रें एका सामायिक यंत्रावर पाठवून त्यानें मूळ प्रती पुसून टाकिल्या. पाठवणी मध्येंच तुटली होती, हें त्यास तीन महिन्यांनीं कळलें. तोंपर्यंत पीक कापून झालें होतें. तीं छायाचित्रें पुन्हां घेणें अशक्य होतें.

आतां त्यास सायव्हर्स नामक भांडारांत खातें मिळालें होतें. "सर, ह्या खेपेस तुम्ही जवळ बसा. गणिताच्या तासास बसवीत होतां तसें, ताळा पाहिल्यावांचून मला उठूं देऊं नका," असें तो म्हणाला. त्या दिवशीं आम्हीं जें पाहिलें, तें तुमच्याहि उपयोगीं पडेल म्हणून येथें क्रमानें सांगतों.

सायव्हर्स हें अमेरिकेंतील ॲरिझोना विद्यापीठाशीं संलग्न असें संशोधकांचें भांडार आहे. २००८ सालीं तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या साहाय्यानें तें 'आयप्लांट' ह्या नांवानें सुरू झालें. त्याचा कारभार आयरॉड्स ह्या प्रणालीवर चालतो. फाईल प्रत्यक्ष कोणत्या यंत्राच्या कोणत्या तबकडीवर आहे, ह्याची चिंता ही प्रणाली स्वतः वाहते. आपल्यास केवळ एक नांव व एक मार्ग दिसतो. ग्रंथालयांत पुस्तक कोणत्या कपाटांत आहे हें ग्रंथपालाच्या वहींत असतें, तशीच येथेंहि एक वही असते; तिला कॅटलॉग म्हणतात.

ह्या भांडाराशीं बोलण्याचीं जीं साधनें आहेत, त्यांस आयकमांड्स म्हणतात. तीं टर्मिनलवर, म्हणजे जेथें संगणकास अक्षरांनीं आज्ञा द्यावयाची त्या पडद्यावर चालतात. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं 'आय' हें अक्षर असतें.

प्रथम साधनें बसविणें. त्याच्या संगणकावर उबुंटू होतें. आयरॉड्सच्या संग्रहाचा पत्ता व त्याची स्वाक्षरीची किल्ली आधीं संगणकास सांगावी लागते. मग नेहमींच्या रीतीनें साधनांचें गाठोडें उतरवून घेतां येतें. किल्ली कशास? तर आलेलें गाठोडें खऱ्या कर्त्याचेंच आहे, वाटेंत कोणीं बदललेलें नाहीं, हें संगणकास पारखतां यावें म्हणून. ज्यांच्या यंत्रावर हीं साधनें बसत नाहींत, त्यांच्यासाठीं सायव्हर्सनें गोकमांड्स नांवाचीं सुटसुटीत साधनें केलीं आहेत.

दुसरें, ओळख देणें. 'आय-इनिट' ही आज्ञा देतांच संगणक प्रश्न विचारूं लागतो: भांडाराचा पत्ता कोणता, दाराचा क्रमांक कोणता, तुमचें नांव काय, क्षेत्र कोणतें. दाराचा क्रमांक बहुधा १२४७ असतो. क्षेत्राच्या प्रश्नास आमच्या विद्यार्थ्यानें 'सायव्हर्स' असें उत्तर दिलें आणि प्रवेश नाकारला गेला. संस्थेचें नांव पुढें बदललें, तरी क्षेत्राचें नांव जुनेंच, 'आयप्लांट', राहिलें आहे! तें लिहितांच दार उघडलें. यंत्र तर्क करीत नाहीं. त्यास अक्षरशः खरें उत्तर लागतें.

परवलीचा शब्द लिहितांना पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. त्यानें गोंधळूं नये. तो शब्द गुप्त रूपानें त्याच यंत्रावर जपून ठेविला जातो. म्हणून यंत्र दुसऱ्याचें किंवा सामायिक असल्यास उठण्यापूर्वीं 'आय-एग्झिट फुल' ही आज्ञा देऊन तो पुसावा.

तिसरी गोष्ट परीक्षेची. आम्हीं दोन ओळींची एक लहान फाईल लिहिली. 'आय-पुट' आज्ञेनें ती पाठविली, 'आय-एलएस' नें तेथें पाहिली, 'आय-गेट' नें दुसऱ्या नांवानें परत आणिली व दोन्ही ताडून पाहिल्या. अक्षरानें अक्षर जुळलें. साधनें बसलीं असें आम्हीं तेव्हां मानिलें, तत्पूर्वीं नाहीं.

मग खरीं छायाचित्रें. त्यांसाठीं 'आय-आरसिंक' ही आज्ञा घेतली. ती दोन्हीकडील फाईलींचा आकार व चेकसम पाहून जें उणें किंवा निराळें असेल तेंच पाठविते. चेकसम म्हणजे फाईलच्या सर्व मजकुरावरून गणितानें काढलेली खूण. एक अक्षर बदललें तरी खूण बदलते. रात्रीं निम्मीं छायाचित्रें गेलीं तोंच वीज गेली. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. सकाळीं तीच आज्ञा पुनः दिली. गेलेलीं छायाचित्रें सोडून तिनें उरलेलींच पाठविलीं.

"सर, आतां मूळ प्रती पुसूं का?" त्यानें विचारिलें. आम्ही म्हणालों, "ताळा कोठें आहे?" त्याच आज्ञेस 'एल' हें अक्षर जोडिलें असतां ती कांहीं न पाठवितां केवळ उणीव दाखविते. दोन नांवें पडद्यावर आलीं! तीं पाठवून पुनः विचारिलें, तेव्हां पडदा रिकामा राहिला. तो रिकामा पडदा पाहून त्या तरुणाच्या डोळ्यांत पाणी आलें. मूळ प्रती मात्र त्यानें पुसल्या नाहींत. त्या दुसऱ्या तबकडीवर ठेविल्या.

शेवटीं 'आय-मेटा' आज्ञेनें त्यानें प्रत्येक संचास चिठ्ठी लाविली: गुणाचें नांव, त्याचें मान व एकक, जसें उंची, ९४, सेंटिमीटर. चिठ्ठीवांचूनची बरणी घरांत असून नसल्यासारखी. दहा वर्षांनीं तींत काय आहे हें कोण सांगणार?

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या मुलांनीं घरांतील कागद किंवा छायाचित्रें संगणकांत ठेविलीं, तर "ठेविलीं का?" एवढेंच विचारून थांबूं नये, "परत काढून पाहिलीं का?" असें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, गणिताच्या वहींत ताळा लिहावयास आम्ही सांगतों, तेव्हां कंटाळूं नका. ताळ्याच्या एका ओळीनें कोणाचें एक वर्ष वांचतें, हें आम्हीं ह्या सुटींत डोळ्यांनीं पाहिलें आहे.