पत्राची सजावट

लग्नपत्रिकेला आपण हळद-कुंकू लावतो. पूर्वी वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडत. म्हणजे पत्र वाचण्याआधीच बातमी कळे.

ई-मेल म्हणजे संगणकावरचे पत्र. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला ई-मेल पाठवला. त्यात नुसती अक्षरे होती. आता अक्षरांमागे रंग व चित्र घालता येते, गाणेही जोडता येते.

माझे काका मुंबईत डबे पोचवतात. आपल्या जुन्नर-आंबेगावचे पुष्कळ लोक हे काम करतात. आई म्हणाली, "आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी हाय, काकांना कळव." मी ताईच्या मदतीने ई-मेल केला. मागे झेंडूची फुले, वर लाल अक्षरे, सोबत सनई! फुलांत अक्षरे काकांना दिसलीच नाहीत. सनई ऐकून त्यांना वाटले, कुणाचे तरी लग्न ठरले. ते शनिवारी आले. आजी म्हणाली, "एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं दाराकडं बघत व्हते." मला लई वाईट वाटले.

मग बाईंनी हे शिकवले :

१) फिकट रंगावर गडद अक्षरे लिहावीत.
२) कामाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहावी.
३) गाणे प्रसंग पाहून जोडावे.
४) चित्र व गाणे जड असते. रेंज कमी असली की उघडायला वेळ लागतो. जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडता येते.

दिवाळीला मी पुन्हा पत्र सजवणार आहे. पण आधी आजीला दाखवीन. तिला वाचता आले, म्हणजे सगळ्यांना येईल.

— इयत्ता चौथी